रिकाम्या फुग्यांचं पुस्तक

छापखानेवाल्याची काही चूक नव्हती, हे आधीच सांगून टाकतो. पुढचे दोन दिवस मी भेटेल त्याला त्याचीच चूक आहे असं सांगत फिरलो, ते सोडून द्या. नाचता येईना की अंगण वाकडं म्हणायला फार अक्कल लागत नाही, आणि तेवढी माझ्याकडे आहे.

मी कॉमिक काढतो. म्हणजे लिहितो, चित्रं काढतो, रंगवतो, छापून आणतो, खोकी वाहतो आणि कॉमिकवाल्यांच्या मेळाव्यात टेबल मांडून विकतो. लेखक मी, चित्रकार मी, प्रकाशक मी आणि हमालही मीच. अशा माणसाला आमच्या धंद्यात स्वतंत्र कलावंत म्हणतात. आत्या रिकामटेकडा म्हणते.

आत्या म्हणजे माझ्या बाबांची थोरली बहीण. तिच्या घराच्या वरच्या मजल्यावरची खोली माझी. आलो होतो दोन महिन्यांसाठी, एक पुस्तक संपवायला. पुस्तक संपलं, मग दुसरं सुरू झालं, आणि दोन महिने मात्र अजून संपायचे आहेत. आत्याने एका कॉलेजच्या ऑफिसात जन्मभर प्रमाणपत्रांवर नावं लिहिली. तिचं अक्षर मोत्यासारखं आणि जीभ करवतीसारखी. सकाळी मी खाली उतरलो की, "उठले का राजे? सूर्याला कळवू का?" जेवताना, "शिजवणारी मी, वाढणारी मी, आणि दमलेला हा." संध्याकाळी जेवायला हाक मारली की जिन्याच्या तळाशी टॉर्च घेऊन उभी. जिन्यात दिवा नाही, पण तिच्या नजरेतून काहीही सुटू नये म्हणूनच ती टॉर्च आहे, अशी माझी खात्री होती.

आता खरी गोम. माझं पहिलं पुस्तक फार गंभीर होतं. एका निर्मनुष्य ग्रहावर एकटाच माणूस, एकवीस पानं नुसता चालतो. मेळाव्यात माझ्या शेजारचं टेबल रोबोचं असतं. तो यंत्रमानवांची कॉमिक काढतो म्हणून त्याला सगळे रोबो म्हणतात. तो म्हणाला, "तुझा ग्रह खरंच निर्मनुष्य आहे. टेबलापाशीसुद्धा कुणी नाही." त्या संध्याकाळी वैतागून मी कागदावर आत्याला काढलं. दोरीला अडकवलेला चष्मा, पुढे आलेली हनुवटी, हातात टॉर्च, तोंडी तिचीच वाक्यं. नाव दिलं 'टॉर्चवाली'. तिच्या वरच्या मजल्यावर राहणारा एक सोशिक, देखणा चित्रकार हा नायक. त्याला मी भरपूर केस दिले. माझ्याकडचे संपत आले होते, त्यामुळे निदान चित्रात तरी कंजुषी करायची नाही असं ठरवलं होतं.

लोक हसून हसून लोळले. तेव्हापासून माझं पोट आत्याच्या जिभेवर चाललं होतं. म्हणजे जेवत होतो तिच्याच घरी, आणि वासेही तिथलेच मोजून पुस्तकात छापत होतो.

तिला हे ठाऊक नव्हतं. "चित्रांची पुस्तकं दात पडायच्या वयापर्यंत ठीक," असं तिचं मत, त्यामुळे ती माझ्या कामाला हात लावत नसे. आणि ते तिला कळू नये म्हणून मी खोक्यांना तिप्पट चिकटपट्टी लावत असे. ती घराबाहेर काढेल ही भीती नव्हती. भीती वेगळीच होती. आत्या रागावली की बोलते. पण माणूस मनातून उतरला की सभ्य होते. माझ्या बाबांचं आणि तिचं एकदा बिनसलं. त्यानंतर ती बाबांशी कधी भांडली नाही. "बसा," "चहा घेणार का आपण?" एवढंच, शेवटपर्यंत. स्वतःच्या धाकट्या भावाला 'आपण' म्हणणारी बाई मी पाहिली आहे. माझ्या वाट्याला ते येऊ नये, एवढंच मला हवं होतं.

तर त्या हंगामातलं नवं पुस्तक. कॉम्प्युटरवर चित्रं एका थरात असतात, रंग दुसऱ्या, आणि फुग्यांतले शब्द, म्हणजे पात्रांच्या तोंडाशी जे पांढरे फुगे असतात त्यांतले संवाद, तिसऱ्या थरात. एका फुग्याबाहेर आलेल्या अक्षरांखाली टॉर्चवालीचं नाक झाकलं गेलंय का ते पाहायला मी शब्दांचा थर बंद केला. नाक ठीक होतं. मी खूश झालो आणि फाईल तशीच पाठवून दिली.

छापखानेवाल्याने आधी नमुना प्रत दाखवली होती. ती मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. 'वाचली' म्हणजे काय ते आता सांगायला लाज वाटते. फुगे रिकामे होते आणि मला संवाद पाठ होते. मी पान उलटत होतो आणि माझ्याच विनोदांवर हसत होतो, जे तिथे नव्हतेच. शेवटी हिरवा रंग जरा गडद करा म्हणून सांगितलं आणि सही केली.

खोकी घरी आली. मी जिन्यातच पहिलं खोकं फोडलं, पान उघडलं आणि मटकन खाली बसलो. बहुतेक ओरडलोही असेन, कारण आत्या बाहेर आली.

"काय झालं राजे?"

मी प्रत पाठीमागे लपवली. तिने दुसरी उचलली. खोकंभर होत्या.

तिने चष्मा लावला. सावकाश पानं उलटली.

"यात कुणी काही बोलतच नाही," ती म्हणाली.

"शब्द छापायचे राहिले. छापखान्यात गाढवं भरलीत नुसती."

"सही कुणाची आहे?"

"माझी."

"मग एक गाढव इथेही आहे." तिने पुस्तक मिटलं. "मेळावा कधी?"

"शनिवारी."

"परत छापून मिळेल?"

मिळणार नव्हतं. छापखाना आठवडाभर लग्नपत्रिकांत बुडालेला होता आणि माझ्या खिशात तर बुडायलाही काही नव्हतं.

"मग हाताने लिहायचं," आत्या म्हणाली. "बोलाव त्या तुझ्या यंत्राला. मीही बसते."

"नको आत्या, मी लिहितो ना."

"तुझं अक्षर? त्यापेक्षा फुगे रिकामे बरे."

आता तिला मजकूर द्यायला हवा होता. मी वर जाऊन टॉर्चवालीच्या तोंडचे सगळे टोमणे गुळात घोळवले. 'दिवा लावलास, उजेड कधी पाडणार?' याचं 'बाळा, काम कसं चाललंय?' केलं. तो कागद आणून तिच्यापुढे ठेवला. तिने पहिलं पान वाचलं, चित्राकडे पाहिलं, पुन्हा वाचलं.

"या बाईचा चेहरा असलं काही बोलणारा नाही," ती म्हणाली. "खरा मजकूर आण."

मी आणला. दुसरं काय करणार?

जेवणाच्या टेबलावर आम्ही तिघं बसलो. रोबोला सगळं माहीत होतं. त्याला खोकला झाला होता, तो नेमका टॉर्चवालीच्या पानांवर उसळत होता. आत्याने पहिली प्रत पुढे ओढली आणि लिहू लागली. तिच्याच जिभेवरची वाक्यं, तिच्याच हाताने, तिच्याच तोंडापुढच्या फुग्यांत. 'कलेसाठी मी उपाशीही राहीन!' असं नायक खिडकीत उभा राहून गरजतो, आणि टॉर्चवाली म्हणते, 'राहा, गॅस वाचेल.' हे वाक्य ती मला खरंच म्हणाली होती. तिचं पेन तिथे थांबलं. मग तिने ते लिहिलं, शाई वाळू दिली आणि पान उलटलं.

काही वेळाने ती म्हणाली, "ती शाई जरा इकडे देता का?"

मी मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

त्यानंतर ती सभ्यच राहिली. मेळाव्यापर्यंत मला ना कुणी राजे म्हटलं, ना गाढव. "जेवून घ्या." "पंखा चालू ठेवला तरी चालेल." एकदा माझ्या हातून शाई सांडली, तिच्या चांगल्या टेबलक्लॉथवर, तर म्हणाली, "असू द्या, होतं असं." मला रडूच यायचं बाकी होतं. कितीदा ठरवलं, बोलून टाकू. पण तोंड उघडलं की एवढंच निघायचं, "आत्या, तू दमली असशील." ती म्हणायची, "नाही, आपलं चालू द्या." फुगे रिकामे ठेवण्यात माझा हात कुणी धरणार नाही, हे एव्हाना सिद्धच झालं होतं.

लिहून झालेल्या प्रती तिने स्वतः बांधल्या, तिच्या वेगळ्या, आमच्या वेगळ्या. शनिवारी मी निघालो तेव्हा ती दारात आली नाही.

मेळाव्याच्या हॉलमध्ये मी टेबल मांडलं. गठ्ठ्यांच्या दोऱ्या सोडून सगळ्या प्रती एकत्र लावल्या आणि पडलेल्या चेहऱ्याने बसलो. बोहनीला एक चष्मेवाली मुलगी प्रत घेऊन गेली. थोड्या वेळाने ती मैत्रिणीला घेऊन परत आली. मैत्रिणीच्या हातातही माझंच पुस्तक होतं.

"आमची दोन पुस्तकं सारखी नाहीत," ती म्हणाली. "मुद्दाम केलंय ना? भारी आहे हे!"

मी तिच्या हातातली प्रत घेतली. अक्षर मोत्यासारखं. नायक खिडकीत उभा राहून गरजत होता, 'कलेसाठी मी उपाशीही राहीन!' आणि टॉर्चवाली म्हणत होती, 'जेवण झालं की असंच वाटतं.'

ते मी लिहिलं नव्हतं.

मी टेबलावरच्या मोत्याच्या अक्षराच्या प्रती एकेक करून उघडल्या. पहिल्या काही मजकुराबरहुकूम होत्या. पुढे मात्र बाई सुटली होती. नायकाचे केस वाऱ्यावर उडतात तिथे, 'हे कुणाचे आणलेस?' तो हताश होऊन डोकं धरून बसतो तिथे, 'धर, आत काही वाजतंय का बघ.' प्रत्येक प्रतीत काहीतरी वेगळं. एका प्रतीत तर तिने नायकाचाच संवाद गाळून त्याच्या तोंडी लिहिलं होतं, 'आत्या, भाजी उरलीय का?' हे मी रोज विचारतो. रोबो माझ्या खांद्यावरून वाचत होता आणि या वेळी त्याने खोकल्याचं सोंगही केलं नाही.

"तिच्यापुढे तू काहीच नाहीस," तो म्हणाला. मित्र असावा तर असा.

मी हसत होतो. मग शेवटचं पान आलं. त्या पानावर जिन्याच्या वर नायक उभा आहे, तळाशी टॉर्चवाली. टॉर्चचा झोत थेट त्याच्या तोंडावर, चोर पकडावा तसा. माझ्या मजकुरात ती विचारते, 'वरचा दिवा बंद केलास का? वीज फुकट येत नाही.' पान फार गाजेल असं मला वाटत होतं.

आत्याच्या प्रतींत तिथे तीनच शब्द होते. 'जपून. तिसरी पायरी.'

बदललेल्या प्रत्येक प्रतीत हेच. बाकी सगळे विनोद वेगवेगळे, हे एकच वाक्य सारखं. आमच्या जिन्याची तिसरी पायरी कडेला तुटलेली आहे. मी तिथे राहायला आल्यापासून तुटलेली आहे. आणि मी तिच्यावरून एकदाही पडलो नव्हतो. पडलो नाही हे माझं कौशल्य, असं मला वाटत होतं. मी खुर्चीवर बसलो आणि मला फार वाईट वाटलं. गिऱ्हाईक समोर उभं असताना मी नाक पुसत होतो.

दिवस सरेपर्यंत आत्याच्या सगळ्या प्रती गेल्या. माझ्या आणि रोबोच्या अक्षरातल्या जवळपास तशाच उरल्या. त्या खोक्यात भरून मी घरी आलो. आत्या टेबलापाशी बसली होती, शाईचा डाग घासत.

"या," ती म्हणाली. "कसा झाला आपला मेळावा?"

"तुझी सगळी संपली. माझी उरली."

"अरे वा."

"आत्या, तुला वाईट वाटलं?"

ती डाग घासत राहिली. मला वाटलं, आता 'छे, त्यात काय' असं काहीतरी सभ्य ऐकावं लागणार.

"वाटलं," ती म्हणाली. "पहिल्या दिवशी रडलेसुद्धा, स्वयंपाकघरात जाऊन. एवढी वर्षं एका ताटात जेवून हेच दिसलं का याला, म्हणून."

"चुकलो मी. तुझ्यापासून लपवून तुझ्यावर हसवत राहिलो. यापुढे टॉर्चवाली बंद."

"बंद कशाला?" तिने फडकं खाली ठेवलं. "बाई चांगली आहे. लिहिणारा कच्चा आहे." मग ती उठली, खुंटीवरची टॉर्च काढली. "खोकं वर ठेवून ये. जेवायचं आहे."

मी खोकं छातीशी धरून जिना चढू लागलो. हातात ओझं असलं की पायाखालचं दिसत नाही. आधी पहिल्या पायरीवर उजेड पडला, मग दुसऱ्या, आणि तिसरीच्या तुटक्या कडेवर येऊन थांबला. मी पाय उचलला, तसा तोही पुढे सरकला. मी मध्येच उभा राहून मागे पाहिलं. माझ्या तोंडावर काहीच नव्हतं. उजेड माझ्या पायांशी होता.

"बघतोस काय?" खालून आवाज आला. "पुढच्या पुस्तकात टॉर्च खाली धरलेली काढ, गाढवा."