कांकणीचं गाऱ्हाणं

सर्वेशने चोरी केली ती अगदी घरगुती पद्धतीने. म्हणजे पेढे वाटून.

"अक्षे, आपला गेम आला गं!" म्हणत तो घाटकोपरला काकांच्या घरी उगवला, चुलतबहिणीच्या हातात गेम खेळायचं बटणांचं छोटं यंत्र ठेवलं आणि काकांच्या पाया पडायला आत गेला. अक्षताने गेम सुरू केला. पडद्यावर कांकणी आली. हिरवं लुगडं, नाकात नथ, हातभर बांगड्या. तिने बांगडी हवेत भिरकावली की तिची पायरी व्हायची. त्या पायरीवर उडी मारायची, पुढची बांगडी फेकायची, आणि असं करत दऱ्या नि दलदली ओलांडायच्या. ही जादू अक्षताची. कांकणीचं चालणं, उडी घेताना पदर सावरणं, दमली की कमरेवर हात ठेवून उभं राहणं, हे सगळं तिने नोकरीवरून आल्यावर दोन वर्षं ठिपका-ठिपका भरून काढलेलं. कोडिंग सर्वेशचं, हे ती कधी नाकारत नव्हती.

सुरुवातीच्या पाटीवर मात्र लिहिलं होतं : 'कल्पना, चित्रं, निर्मिती – सर्वेश परब.'

"माझं नाव कुठाय?"

"अगं, पब्लिशरला एकच चेहरा पाहिजे होता. घरातलंच आहे ना? तुझं-माझं काय त्यात!"

'घरातलंच आहे' हे नेहमी घेणारा म्हणतो, देणारा कधीच म्हणत नाही. अक्षताने हे मनात टिपून ठेवलं. तिचे वडील दत्ताराम गिरणी बंद पडली तेव्हाही कुणाशी भांडले नव्हते. ते म्हणाले, "सोड गे बाय. भावा-भैनीत भांडण कित्याक?"

तिने सोडलं नाही. पेढा मात्र खाल्ला. राग उपाशीपोटी टिकत नाही.

गणपती झाल्यावर सर्वेशने अंधेरीत स्वतःचा स्टुडिओ काढला. आता मालवणी माणूस पानाची टपरी जरी उघडणार असला तरी गाऱ्हाणं घातल्याशिवाय उघडत नाही. देवाला हाक मारायची, कोण काय करतंय ते त्याला साऱ्यांदेखत सांगायचं, आणि प्रत्येक वाक्याला जमलेल्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. परबांच्यात हा मान दत्तारामांचा. पण गणपतीत अख्ख्या चाळीची गाऱ्हाणी घालून दरवर्षी त्यांचा घसा बसायचा, आणि दरवर्षी अक्षता हळदीचं दूध देऊन तो उघडायची. यंदा तिने दुधाची फार घाई केली नाही.

"बाबांचा आवाजच नाही," उद्घाटनाला ती म्हणाली. "मी घालते गाऱ्हाणं."

"बायल मानूस गाराणां घालता खय गो?" सर्वेशची आई, सुलक्षणाकाकू, कडाडली.

"आई, गप. लाईव्ह चालू आहे," सर्वेश दातांतल्या दातांत बोलला आणि मोबाईलकडे बघून गोड हसला. "आमच्याकडे मुलीच पुढे असतात! घाल गं अक्षे, बिनधास्त."

अक्षताने पदर खोचला, देवासमोर नारळ ठेवला, हात जोडले.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ही तुझी लेकरां हय जमली हत. तेंका यश दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि ही जी कांकणी हा, ती दोन वर्सां रात्रीचो दिवस करून अक्षतान काढल्यान रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तिचा नाव पुसून सर्वेशान सगळ्यार आपला नाव लावल्यान रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यांत खणखणीत आवाज सर्वेशचा होता. लहानपणापासूनची सवय. हे शब्द डोक्याकडे जातच नाहीत, बेंबीतून थेट तोंडात येतात. तोंड मिटल्यावर त्याच्या लक्षात आलं. पण अक्षता थांबली नव्हती.

"ता नाव तेच्याच हातान आज, आत्ता, परत लागांदे रे म्हाराजा!"

या वेळी सर्वेश गप्प राहिला. बाकीच्यांनी त्याचीही कसर भरून काढली.

लाईव्ह बंद करायला त्याने मोबाईलकडे हात नेला, तेवढ्यात सुलक्षणाकाकूने देवासमोरचा नारळ उचलून पोटाशी धरला. तिचं लेकावर प्रेम होतं, पण देवाची भीती त्याहून जुनी होती.

"मेल्या, देवाक व्हय म्हटलंस. आता नाव लाव."

"आई, उद्या बघू ना. पाहुणे आहेत."

"नाव लागल्याबिगर हो नारळ फुटाचो नाय."

नारळ फुटल्याशिवाय उद्घाटन होईना. सर्वेश घाम पुसत कॉम्प्युटरसमोर बसला. मागच्या मोठ्या पडद्यावर एकेक अक्षर उमटत गेलं.

"वर," अक्षता म्हणाली.

"काय?"

"माझं नाव वर. तुझं खाली."

त्याने तेही केलं, तेव्हा कुठे नारळ फुटला. खोबऱ्याचा तुकडा तिच्या हातावर आपटत तो पुटपुटला, "झालं समाधान?"

"नावाचं झालं," अक्षता खोबरं चावत म्हणाली. "तुझं बाकी आहे."

गेमचा दुसरा भाग काढायची वेळ आली. सर्वेशने दोन चित्रकार बसवून पाहिले. कांकणी सिनेमातल्या हिरॉइनसारखी ठुमकत चालायला लागली. शेवटी तो घाटकोपरला आला, या वेळी पेढ्यांऐवजी काजू कतली घेऊन. अक्षताने एकच अट घातली : "माझ्या पात्रांचे आवाज मी ठरवणार." स्वस्तात सुटलो, असं त्याला वाटलं.

दुसऱ्या भागात, दलदलीच्या ऐन वाटेत, एक गलेलठ्ठ बेडूक बसलेला आहे. कांकणीची बांगडी डोक्यात बसली की तो गळा फुगवतो आणि त्या दिवशीच्या लाईव्हमधल्या, सर्वेशच्याच खणखणीत आवाजात ओरडतो, "व्हय म्हाराजा!" पोरं पुढे जायचं सोडून त्यालाच हाणत बसतात. सर्वेशच्या मुलुंडच्या बिल्डिंगमध्ये लिफ्टचं दार उघडलं की कुणीतरी आवाज काढतंच.

"काढ ना तो बेडूक, यार," एकदा त्याने हात जोडले. "आख्खी दुनिया हसते मला."

"असू दे रे," अक्षता म्हणाली. "घरातलाच आहे ना?"