बाबिकरच्या घरी

बाबिकरने झावळीच्या दांड्याने मातीत एक लांब रेघ ओढली आणि मागे वळून दम भरला.

"ये दीवार है. ऊपर से नहीं आने का. दरवाजे से आओ."

सौदीतल्या हुफूफच्या त्या खजूरबागेत शुक्रवारी सकाळीच निम्मं सुदान मांडून झालं होतं. पाण्याचा पाट म्हणजे नाईल. त्यात गळ्यापर्यंत बुडालेला फिटर गुणाजी ही मगर, आणि मगरीला सर्दी झाली होती.

खरं तर आज ही तेलाच्या पाइपलाइनवरची टोळी खऱ्याखुऱ्या सुदानात असायची. क्रेनवाल्या बाबिकरने शुक्रवारच्या सुट्टीला जोडून चार दिवस रजा मागून सगळ्यांना आपल्या गावी न्यायचा घाट घातला होता. आईला तसं पत्रही गेलं होतं. पण कंपनीने पासपोर्टच सोडले नाहीत. खलास! दोन दिवस बाबिकर धड जेवला नाही. शेवटी गुणाजीच म्हणाला, "अरे, मग इथेच दाखव की तुझं गाव!"

वेल्डर धोंडीराम मात्र कुरकुरत आला होता.

"पोरखेळ नुसता! घोडे झालात सगळे."

गेल्या साली त्याची आई तुळसाबाई अंथरुणाला खिळली, तेव्हाही रजा मिळाली नाही आणि पासपोर्ट असाच कंपनीच्या कपाटात राहिला होता. ती गेल्याची तार हातात पडली तोवर तेरावं उरकलं होतं. शेवटचं पाया पडणंही नशिबात नव्हतं. हे तो कधी बोलून दाखवत नसे, पण घराचा विषय निघाला की तो उठून जायचा, आणि का जातो ते खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं.

बाबिकरने थर्मासमधून गावाकडचं लाल सरबत ओतलं.

"अरे, हे तर आपलं कोकम!" गुणाजी ओरडला.

धोंडीरामने मुकाट्याने दुसरा पेला पुढे केला.

"ये पानी का रांजण," बाबिकर रेघांमधून घर दाखवू लागला. रांजण हा शब्द त्याला गुणाजीनेच शिकवला होता. "और इधर खाट पे अम्मा. सफूरा. आंख कमजोर, पर आवाज? बाप रे!"

गुणाजी ओलेत्यानेच भिंतीवरून उडी मारून आत शिरला आणि त्याने शिव्या खाल्ल्या.

धोंडीराम दारापाशी थबकला. त्याने चपला काढून रेघेबाहेर जोडीने ठेवल्या. रिकाम्या हाताने कसं जायचं? खिसे चाचपून त्याने लिमलेटच्या चार गोळ्या काढल्या, खाटेच्या जागी ठेवल्या आणि वाकून तिथल्या मातीला कपाळ टेकवलं.

गुणाजी हसणार होता, पण धोंडीराम उठेचना. त्याची पाठ गदगदत होती. पोरखेळ म्हणणारा माणूस तो, पोरासारखा रडत होता.

बाबिकर त्याच्याजवळ उकिडवा बसला. हळूच म्हणाला, "अम्मा पूछती है, इतनी देर क्यों की?"

धोंडीरामने मान वर केली नाही.

"रजा नाही मिळाली गं आई."