डंख्यावरचा आळ

कामाच्या ठिकाणी काही बिघडलं की सगळ्यांचं बोट एकाकडेच जातं, हा अनुभव आपल्या सर्वांचाच आहे. बंदरावरच्या मासळी निवडायच्या शेडमध्ये ते बोट एका माशाकडे जायचं.

वीतभर लांब, सापासारखा निमुळता, समुद्राच्या तळाशी चिखलात राहणारा हा मासा इतर मासळीबरोबर जाळ्यात यायचा. खायला त्याला कुणी विचारत नसे. बर्फातली मासळी निवडताना कुणाचा ना कुणाचा हात सुजायचा आणि हाच चावला असं सगळे धरून चालायचे, म्हणून शेडमध्ये त्याचं नाव पडलं डंख्या. मुकादमाने त्यावर तोडगा काढला होता. डंख्या मासळीच्या क्रेटच्या कडेला दडून बसतो, तेव्हा हात घालण्याआधी कडेकडेने लाकडी हातोड्याचे सणसणीत फटके मारायचे. तरी हात सुजायचे थांबेनात. मुकादमाने फटके वाढवले.

मग त्याच्या वहिनीचा अंगठा सुजला. तीही तिथेच मासळी निवडायची. विष आपोआप उतरेल म्हणून ती लेप लावून बसली. अंगठा काळानिळा पडला, तेव्हा मुकादम घाबरून तिला दवाखान्यात घेऊन गेला.

"विषारी मासा चावलाय," त्यानेच सांगून टाकलं.

डॉक्टरीणबाईंनी जखम उघडली आणि चिमट्याने निळ्या प्लास्टिकची एक कपची बाहेर काढली.

"दातांची खूण कुठेच नाही. ही कपची आत राहून जखम चिघळलीय. आणखी उशीर केला असता तर अंगठा कापावाच लागला असता. आताही वाचेलच असं सांगत नाही."

बाहेर आल्यावर वहिनी म्हणाली, "भाऊजी, निळे क्रेट आपलेच ना? त्यांच्या कडा कशानं फुटल्या?"

"जुने झालेत, वहिनी."

"जुने कसले? आधी एखादी कड तडकलेली असायची, आता तुम्ही रोज बडवून सगळ्याच फोडल्यात. बर्फात हात बधिर असतो, फुटकी कड लागली तरी कळत नाही. दुखायला लागतं तेव्हा समोर वळवळत असतो डंख्या."

"पण तो चावतो, असं सगळेच म्हणतात."

"चावताना तुम्ही पाहिलाय?"

मुकादमाने आठवून पाहिलं. त्याने पाहिला नव्हता. कुणीच पाहिला नव्हता. हात वाचवायला मारलेले फटकेच हात फोडत होते!

दुसऱ्या दिवशी त्याने फुटके क्रेट बाहेर काढले आणि मालकाशी वाद घालून सगळ्यांसाठी हातमोजे मागवले. मग सगळ्यांदेखत एक जिवंत डंख्या उचलून त्याच्या तोंडात बोट घातलं. काही झालं नाही.

"म्हणजे आपण याला उगाच मारत होतो?" एका बाईने विचारलं.

"उगाचच. पण त्याहून मला वहिनींच्या अंगठ्याचं वाईट वाटतंय. सगळं याच्या नावावर खपवलं नसतं, तर क्रेट कधीच बदलले असते."

वाचकहो, सगळ्यांनी मिळून एखाद्याला दोषी ठरवलं की शोध तिथेच थांबतो आणि खरं कारण आपल्याच घरात बिनबोभाट नांदत राहतं. मुक्या जिवावर अन्याय होतो तो होतोच, पण दुखणं मात्र आपलं आपल्यापाशीच राहतं. वहिनीचा अंगठा वाचला, पण आता तो वाकत नाही. सुईत दोरा ओवायचा झाला की ती मुकादमाला हाक मारते, आणि तो हातातलं काम टाकून निमूटपणे ओवून देतो.