उतरायची बाजू

गीताबाईंनी डावा हात लुळा सोडला, डावा पाय काठीसारखा ताठ केला आणि गाडीच्या मागच्या सीटवर पाठमोरं अंग टाकून दिलं. शोरूममधल्या दोन-चार गिऱ्हाइकांनी वळून पाहिलं. गाडी दाखवणारी सायली घाईघाईनं पुढे आली.

"काकू, लागलं का?"

"नाय. आमचे हे असंच बसतात. लकवा झालाय त्यांना. आठ महिने झाले."

ही सेडान होती, बसकी गाडी. सीट खोल आणि मऊ, पाठीला टेकाही चांगला. गीताबाईंनी डोळे मिटून क्षणभर बसून पाहिलं. मग फक्त उजव्या हातापायाच्या जोरावर उठायला गेल्या. पहिल्यांदा जमलं नाही. दुसऱ्यांदाही नाही.

"आई, नीट उठ की आता," त्यांचा मुलगा संघपाल खालच्या आवाजात म्हणाला. "लोक बघायलेत."

"बघू दे. तुझ्या बाबांना उठवताना बी बघतीलच."

मग त्या शेजारच्या एसयूव्हीकडे गेल्या. ती उंच. पाठमोरं उभं राहिलं की सीट बरोबर कमरेला लागत होती. खाली पडायचं नाही, नुसतं टेकायचं. पण टेकल्यावर पाय अधांतरी राहिले. त्यांनी पिशवीतून शिवणाची टेप काढली आणि जमिनीपासून पायापर्यंतचं अंतर मोजलं.

"घरचा लाकडी स्टूल पुरतोय," त्या म्हणाल्या.

संघपालचं मन सेडानवर होतं. "उंच गाडी वळणावर लई हलते, आई. बाबांना एका अंगाचा तोल नाय. अन् त्या बसक्या गाडीत बघ, खड्डा सुद्धा कळत नाय. व्हीलचेअर आडवी मावती डिक्कीत."

"बसल्यावर कसं वाटतं ते नंतर. आधी बसता आलं पाहिजे, अन् उतरता आलं पाहिजे."

"रविवारी काकांनाच घेऊन या ना," सायली म्हणाली. "दोन्हींत बसवून बघू."

गीताबाईंनी अजिंठ्याच्या सरकारी दवाखान्यात एकतीस वर्षं नर्स म्हणून काढली होती. पुंडलिक त्याच दवाखान्याच्या रुग्णवाहिकेवर ड्रायव्हर. अडलेली बाळंतीण असो की साप चावलेला माणूस, मागे गीताबाई सलाईनची बाटली धरून आणि पुढे पुंडलिक स्टिअरिंगवर, असा त्यांचा संसार अजिंठ्याहून शहराकडे येणाऱ्या रस्त्यावरच अर्धा झाला. निवृत्तीनंतर हर्सूलला घर बांधलं. दोन वर्षं बरी गेली. मग एका सकाळी दाढी करताना पुंडलिकच्या हातातून वाटी पडली.

तेव्हापासून गीताबाई रडल्या नव्हत्या. रडायचं नाही असं ठरवलं नव्हतं, रडू आलंच नाही. दर दोन तासांनी कूस बदलायची, पाठीला पावडर लावायची, घास डाव्या गालात अडकला तर बोट घालून काढायचा. ड्यूटी परत सुरू झाल्यासारखं सगळं हाताला आपोआप येत होतं. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंना फोनवर त्या एकदा "पेशंट झोपलाय" म्हणाल्या आणि फोन ठेवल्यावरही त्यात काही चुकलंय असं त्यांना वाटलं नाही.

रविवारी पुंडलिकला इस्त्रीचा शर्ट घातला आणि भाड्याच्या गाडीनं आणलं. संघपालच्या आग्रहाखातर आधी सेडान. पुंडलिकला धरून बसवलं तसा तो आत खोल गेला आणि त्याच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी काहीतरी हललं.

"लई मऊ हाये," तो जड जिभेनं म्हणाला. "गीता, बस."

त्या दुसऱ्या दारानं आत आल्या. सीट अशी खोल की दोघं आपोआप मधोमध सरकले आणि खांद्याला खांदा टेकला. आठ महिन्यांत त्या त्याच्यासमोर उभ्या राहिल्या होत्या, त्याच्यावर वाकल्या होत्या; शेजारी बसल्या नव्हत्या.

"तुझ्या अंगाला अजून दवाखान्याचा वास येतो," पुंडलिक म्हणाला.

"तुमच्याच औषधाचा हाये तो."

मग उतरायची वेळ आली. त्यानं उजव्या हातानं दार धरलं, जोर लावला, पुन्हा लावला. कपाळावर घाम आला. शेवटी संघपाल आणि शोरूममधली दोन माणसं पुढे झाली. काखेत हात घालून त्यांनी त्याला ओढून काढलं. शर्ट वर गेला, पोट उघडं पडलं. पुंडलिक छताकडे बघत राहिला. गीताबाईंनी शर्ट खाली ओढला. असं उचललेलं माणूस त्यांनी हजारदा पाहिलं होतं. त्याची एक चप्पल आत राहिली होती. वाकून ती काढली आणि त्याच्या पायात घातली.

एसयूव्हीच्या उजव्या दाराशी त्यांनी स्टूल ठेवला. संघपाल पुढे झाला.

"हात लावू नको," पुंडलिक म्हणाला.

त्यानं चांगला पाय स्टुलावर ठेवला. दाराच्या वरची मूठ धरली आणि स्वतःला वर घेतलं. सीटच्या कडेला टेकला. मग डाव्या पायाची पँट गुडघ्याजवळ मुठीत धरली आणि तो पाय सामान उचलावा तसा उचलून आत ठेवला. चार-पाच मिनिटं लागली. मग त्याच क्रमानं उलटा, एकट्यानं, खाली उतरला. आणि परत चढला.

संघपालनं सायलीकडे एसयूव्हीची किल्ली मागितली.

चक्कर मारायला गाडी जळगाव रोडनं निघाली. संघपाल चालवत होता, सायली त्याच्या शेजारी. मागे उजव्या दाराशी पुंडलिक आणि त्याच्या डाव्या अंगाला गीताबाई.

"ह्याच रोडनं आणायचो आपण," पुंडलिक म्हणाला. "तू मागं, मी पुढं."

"व्हय."

"तुला मागून काय दिसायचं?"

"तुमची मान. अन् तुम्हाला आरशात?"

त्यानं विचार केला. "पेशंट."

हर्सूलच्या अलीकडे गाडी वळली. त्याचं अंग डावीकडे कललं. गीताबाईंनी हात लांबवून खांद्याला आधार दिला, गाडी सरळ झाल्यावर काढून घेतला. त्याला ते कळलं नसावं. तो खिडकीबाहेर पाहत होता.

"गीता, इकडून बस ना," थोड्या वेळानं तो म्हणाला. "ह्या अंगाला. तिकडून तू हायेस का नाय ते समजत नाय."

"चांगली बाजू दाराकडं पाहिजे. नायतर तुम्हाला उतरता यायचं नाय."

त्यानं मान हलवली. ड्रायव्हरला पटावं तसं त्याला ते पटलं.

सीट रुंद होती आणि सपाट. कुणी कुणाकडे सरकत नव्हतं. पुढच्या खड्ड्याला पुंडलिकचा डावा हात मांडीवरून घसरला आणि दोघांच्या मधल्या मोकळ्या जागेत पालथा पडला. असा खाली राहिला की हात सुजतो. गीताबाईंनी तो उचलला. मांडीवर परत ठेवायचा होता, पण तसाच धरून राहिल्या.

सायलीनं मागे वळून पाहिलं. "काकू, मागं जागा पुरते ना?"

"पुरते," गीताबाई म्हणाल्या. "मधी अजून एक माणूस बसंल."