मटारच्या शेंगांचे मोजे

"ताई, हा मोजा आहे की बाटलीचं बूच?" धाकटी दवाखान्यातल्या पलंगावरून म्हणाली.

थोरलीने पुन्हा ओढून पाहिलं. हिरवा मोजा टाचेशी अडला तो अडलाच. उजवा मात्र झकास बसला होता. घोट्यापासून चवड्यापर्यंत जाळीच्या शेंगा, आणि प्रत्येक शेंगेच्या पोटात लोकरीचे टपोरे दाणे. सुया त्याच, लोकर तीच, टाकेही तितकेच. मग डावाच एवढा का आवळला, ते तिला कळेना.

मोज्यांवरच्या शेंगांची फर्माईश धाकटीचीच. कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये जन्मभर मोठाली पातेली ढवळणारी ही बाई. अन्ननलिकेच्या दुखण्याने तिचं खाणं बंद झालं आणि पोटात नळी आली. पाय सारखे गार पडायचे. थोरली म्हणाली, मोजे विणते. त्यावर ही म्हणाली, "मग मटारच्या शेंगा विण. बंदी तोंडाला आहे, पायांना थोडीच आहे!" नर्ससुद्धा हसली होती. थोरलीला तेव्हा हसता आलं नव्हतं.

तिचं आयुष्य वाचनालयाच्या काउंटरवर गेलेलं. बोलायचं धाकटीने आणि ऐकायचं हिने, ही वाटणी लहानपणीच झाली होती. दोघींची लग्नं राहून गेली, घर एकच राहिलं, आणि त्या घराच्या स्वयंपाकघरात थोरलीला पाणी प्यायलाही विचारून जावं लागे.

आता धाकटी रोज संध्याकाळी विचारायची, "आज काय खाल्लंस?" थोरली खाली मान घालून विणता विणता सांगायची. भात, भाजलेले बटाटे, भोपळ्याचं सूप.

"सुपात मिरी कधी घातलीस? आधी की नंतर?"

"मध्येच," थोरली म्हणायची.

आज धाकटीने तो अडकलेला मोजा हातात घेतला, बोटांनी ताणून पाहिला.

"का आवळलाय सांगू? खोटं बोलत विणलायस."

"काहीतरीच काय!"

"नापास झालेलं लपवलंस तेव्हा बाबांचा स्वेटर विणत होतीस. बाहीत त्यांचा हात जाईना. तुझं तोंड खोटं बोलतं गं, हातांना जमत नाही. खरं सांग, काय खातेस?"

"चहा."

"आणि?"

"पाव. ओट्याशी उभ्यानेच." थोरलीने मोजा तिच्या हातातून काढून घेतला. "तुला नळी लावलेली, आणि मी तिकडे ताट वाढून घेऊ? घास उतरत नाही माझ्या घशाखाली."

"वा गं वा! मला उतरत नाही म्हणून मी मरतेय, आणि तुला उतरत असून तू मर!" धाकटीला दम लागला. जरा वेळाने ती म्हणाली, "उसव तो. उद्या डबा आण. माझ्यासमोर बसून खायचं."

दुसऱ्या दिवशी थोरलीने मटार-भात आणला. पहिला घास घेताना तिला आपण चोरी करतोय असं वाटलं. धाकटी मात्र टक लावून बघत होती.

"काय कमी आहे?"

"कळत नाही."

"गिळू नकोस लगेच. डोळे मीट, चाव. आता?"

"मीठ?"

"शाब्बास! एवढी पुस्तकं वाचलीस, मीठ आज वाचता आलं."

या वेळी थोरली हसली. हसता हसता तिला रडू आलं, पण डबा तिने संपवला.

मोजा पुन्हा सुयांवर चढला. आता वीण सैल पडत होती, जाळी मोकळी दिसत होती. धाकटी मात्र रोज थोडी जास्त झोपायची. प्रश्न आखूड होत गेले. "मीठ?" एवढंच. पुढे नुसती भुवई उचलायची.

एका दुपारी चवड्याचं टोक शिवायचं तेवढं राहिलं होतं. धाकटीचा डावा पाय बर्फासारखा गार होता. थोरलीने सुयांवरचे टाके एका दोऱ्यावर ओवून घेतले आणि मोजा तसाच पायात चढवला. टाच अलगद आत गेली.

"बसला बघ," ती म्हणाली.

मिटल्या डोळ्यांवरची भुवई किंचित हलली.

"बसून खाल्लं. मीठ बरोबर होतं," थोरली म्हणाली. ते खरं होतं.

मग पायाशी बसून, बोथट सुईने, ती टोक शिवू लागली. नर्स आली. तिने धाकटीचं मनगट धरलं, बराच वेळ धरून ठेवलं, आणि मग थोरलीच्या खांद्यावर हात ठेवला. "मावशी..."

"एवढे टाके राहिलेत," थोरली मान वर न करता म्हणाली.

नर्स थांबली. थोरलीने टाके पुरे केले, एकही आवळू दिला नाही. लोकर तोडली, आणि पायाच्या बोटाला टोचू नये म्हणून धाग्याचं टोक आतून नीट दडवलं.

काही दिवसांनी घरी तिने मटार-भात केला. ताट वाढून घेतलं, टेबलाशी बसली, डोळे मिटून पहिला घास चावला.

"मीठ कमी आहे," ती मोठ्याने म्हणाली.

मग उठून मिठाची बरणी घेऊन आली, आणि पुन्हा खुर्चीत बसली.