ट्रायलच्या दिवशी मांडव

२०२३ साली, दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात, माझ्या धाकट्या भावाने, गोटीरामने, महाप्याच्या कारखान्यांच्या वसाहतीत एका साचेवाल्याच्या गाळ्यासमोर मांडव घातला. कशासाठी, तर नव्या साच्यातून प्लॅस्टिकचा पहिला पीस काढून बघायच्या ट्रायलसाठी! मी अठ्ठावीस वर्षं प्लॅस्टिकच्या कारखान्यात डब्यांच्या कडा ब्लेडने साफ केल्या. ट्रायलच्या दिवशी आमच्याकडे मालकालासुद्धा मशीनजवळ उभं राहू देत नसत. पहिले पीस बिघडायचेच, हे झाडूवालीलाही ठाऊक होतं. पण गोटीराम बोनकोडे गावचा घरमालक. शेतं गेली, इमारती उठल्या, तेव्हापासून त्याला एकच येतं: फीत कापणं.

वस्तू म्हणजे त्याच्या मुलाने, विपुलने, काढलेली कॉफीची गाळणी. कपावर ठेवायची, आत कागद, कागदात पूड, वरून गरम पाणी. दोन भाग एकात एक बसून पिशवीत मावणार. त्यासाठी पोराने नोकरी सोडली होती. दिवाळीपर्यंत माल निघाला नाही, तर मुकाट बापाच्या भाडेवसुलीच्या ऑफिसात बसायचं, असं बापाने बजावलं होतं.

चित्र बघूनच मी म्हटलं होतं, "अरे, भिंत सरळसोट ठेवलीस. थोडा उतार दे. प्लॅस्टिक थंड होताना आकसतं, साच्याच्या आतल्या लोखंडी गाभ्याला घट्ट धरून बसतं."

"आत्या, तो लुक आहे गं. उतार दिला की बादली वाटते."

साचा करणारा मिथुनही तेच सांगून थकला होता. ट्रायलच्या दिवशी तो हात जोडून म्हणाला, "काका, पाव्हणे नंतर बोलवा ना. आधी आमी आतल्या आत बघतो."

"आतल्या आत? चोरी हाय का?" गोटीराम गरजला. "चार मानसा बघतील."

फ्लेक्सवर बापाचा फोटो मुलाच्या दुप्पट. नारळ फुटला, शाली वाटल्या. एक मलाही मिळाली, आणि मी ती पांघरून पुढच्या खुर्चीत मिरवत बसले.

मशीन उघडलं. पीस गाभ्याला चिकटलेला. मागून ढकलणाऱ्या पिनांनी तळ फोडला, पण पीस जागचा हलला नाही.

"गोटीशेट, येवरं मोठं भोक? कॉपी कुटं ऱ्हावाची?" मागून कुणीतरी ओरडलं. मांडव खदखदला.

गोटीरामचं तोंड उतरलं. मिथुन पितळेची सळई शोधायला वळला, तेवढ्यात गोटीरामने टेबलावरचा स्क्रूड्रायव्हर उचलून आत खुपसला.

"काका, लोखंड नको!"

मी शाल सावरत उठेपर्यंत पीस निघाला होता. गोटीरामने तो उंच धरला. लोकांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या! आरशासारख्या घासलेल्या गाभ्यावर बोटभर लांब ओरखडा पडला होता. विपुल त्यावरून नख फिरवत राहिला.

"आता प्रत्येक पीस इथे अडकेल. नवा गाभा लागेल," मिथुन हळूच म्हणाला. "दोन महिने तरी." दिवाळी महिन्यावर होती.

मिथुन आता कामोठ्याला राहतो, बाटल्यांची झाकणं करतो. ट्रायल असली की गाळ्याचं शटर खाली. गोटीरामने त्यानंतर एक व्यायामशाळा आणि दोन बस थांबे उघडले. पोराचा धंदा नजर लागून बुडाला, असं सांगतो. त्या वर्षी मी भाऊबीजेला गेले नाही. पुढच्या वर्षी गेले, भाऊ एकच आहे.

विपुल त्या दिवाळीच्या पाडव्यापासून भाडेवसुलीच्या ऑफिसात बसला, तो अजून तिथेच आहे. भाडेकरूंशी नीट बोलतो, म्हणून बापाच्या शिव्या खातो.