धुरातही सापडेल असं बटण

मी एक जुनी ॲल्युमिनियमची पाटी आहे, मित्रांनो, पण दुकानावर नाव लिहून टांगतात तसली नव्हे. कळंबजवळच्या एका शेतात, कापूस साठवायच्या कोठ्यात, दोन माणसांनी घरच्या घरी एक छोटं विमान बांधलं होतं. त्याची विजेची सगळी बटणं माझ्यावर बसवली होती. उडवणाऱ्याच्या अगदी समोर माझी जागा. पण त्या जागेवर स्वस्थ बसायला मला फार वाट पाहावी लागली.

विमान घनश्यामरावांचं. घरी कापसाची शेती, पण यांचं लक्ष सदा आभाळात. नागपूरला जाऊन ते विमान उडवायला शिकले. परत आल्यावर त्यांनी लाकडाचा सांगाडा उभा केला, त्यावर कापड ताणलं आणि भंगारातून आणलेलं इंजिन दुरुस्त करून पुढे बसवलं. विजेचं काम त्यांनी भीमराजला सांगितलं. भीमराजने महायुद्धाच्या काळात विमानांच्या कारखान्यात तारा जोडल्या होत्या. छप्पन्न साली तो आणि त्याची बायको सत्यशीला नागपूरला बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आले. त्यानंतर त्याने कळंबला बॅटऱ्या दुरुस्त करायचं दुकान टाकलं.

मी जन्मले ती भीमराजच्या ताटाशेजारी. जेवता जेवता तो जमिनीवर चिंचोके मांडायचा. हा पंपाचा, हा दिव्याचा, हा इंजिनाचा. मांडायचा, मोडायचा, पुन्हा मांडायचा.

"भाकर थंडी होऊन राह्यली," सत्यशीला म्हणायची. "जेवून राह्यले का इमान उडवून राह्यले?"

शेवटी त्याने पत्रा कापला, भोकं पाडली आणि सारी बटणं एका ओळीत बसवली. सगळी सारखी, सगळी चकचकीत. मीसुद्धा खूश होते. घनश्यामराव माझ्यावरून हात फिरवून म्हणाले, "वा! आता उडायले काय हरकत हाये?"

तेव्हा त्यांच्या पत्नी विमलताई पुढे आल्या. विमान बांधायला सुरुवात झाल्यापासून त्यांच्या जिवाला घोर लागला होता. त्यांनी नवऱ्याच्या डोळ्यांवर दस्ती बांधली.

"हे काय आता?"

"वरतं गेल्यावर डोयात धूर गेला तं काय करसान? दिवा बंद करून दाखवा बरं."

घनश्यामरावांनी चाचपडत बटण दाबलं. दस्ती सोडून पाहतात तर त्यांनी इंजिनाचंच बटण बंद केलं होतं. भीमराजला ते लागलं. तो उठून बाहेर गेला, बराच वेळ शेताच्या बांधावर, धुऱ्यावर, फिरला आणि परत येऊन त्याने माझ्यावरचं एकेक बटण काढायला घेतलं.

मग माझे हाल सुरू झाले. नवी भोकं, जुनी बुजवलेली, पुन्हा नवी. इंजिनाची बटणं त्याने उजवीकडे, दूर नेली, आणि त्यांच्या तारा बॅटरीपासून वेगळ्या ठेवल्या. बॅटरी तोडली तरी इंजिन चालत राहावं, असा त्याचा बेत होता. पंपाच्या बटणाला त्याने सुतळी गुंडाळली. दिव्याच्या बटणाला लाकडी गोल टोपी दिली. आणि सगळी वीज एकदम तोडणारं मोठं बटण डावीकडे, एकटं बसवलं. विमलताईंनी रोज दस्ती बांधायची आणि घनश्यामरावांनी न बघता बटण शोधायचं, असा क्रम सुरू झाला. भीमराज मात्र शांत होईना. चाचणीची तारीख ठरली तरी तो एक बटण बोटभर इकडे सरकवायचा, एक तिकडे.

कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या उपटून शेत सपाट केलं आणि विमान धावलं. चाकांची खडखड थांबली, तेव्हा मला कळलं की आम्ही जमीन सोडली. शेताला एक फेरी झाली आणि माझी पाठ तापू लागली. रबर जळाल्याचा वास आला. पुढच्याच क्षणी माझ्या कडांमधून धूर निघाला, दाट आणि काळा. घनश्यामराव खोकत होते, डोळे मिटून घेतले होते. मला बोलता येत असतं तर मी ओरडले असते. पण त्यांचा डावा हात सरळ आला, चाचपडला नाही, आणि त्याने मोठं बटण खाली दाबलं. वीज तुटली. इंजिन चालूच होतं. धूर विरला आणि आम्ही आपटत, उसळत शेतात उतरलो.

भीमराज धावत आला. त्याने मला उलटी करून पाहिलं. एका भोकाच्या धारेवर तार घासून उघडी पडली होती.

"चूक माह्यी हाये, भाऊ," तो म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "शेवटी भोक सरकवलं, अन् त्याले रबर बसवाचंच राह्यलं."

घनश्यामराव संतापून चालू लागले. थोडं दूर जाऊन ते वळले.

"तुह्या तारांच्या भरवशावर मी बसतो ना? मंग नीट कर. अन् पुढच्या खेपेले तू बी माह्या बाजूले बस."

"मी? मी तं आजलोक कधी इमानात बसलोच नाई."

"इतके इमानं जोडले अन् बसले नाई?" मागून धावत आलेली सत्यशीला म्हणाली. "बसा की मंग!"

या वेळी भीमराजने प्रत्येक भोकावरून बोट फिरवून पाहिलं. विमान वर गेलं. तो शेजारी बसला होता, पण त्याची नजर माझ्यावरून हलेना. नाकाने वास घेत होता, हाताने माझी पाठ चाचपत होता.

"पाटीकडं काय पाहून राह्यला? खाली पाह्य!" घनश्यामराव ओरडले.

भीमराजने हळूच मान बाहेर काढली. खाली काळं शेत होतं आणि धुऱ्यावर पांढऱ्या लुगड्यातली एक बाई हात हलवत होती.

"सत्यशीला!" तो मोठ्यानं ओरडला. तिला ऐकू जाणं शक्यच नव्हतं. तरी तो पुन्हा ओरडला.

सरकारची परवानगी चाचणीपुरतीच होती; त्यानंतर उडवायची कायमची परवानगी काही आली नाही. विमानाचं कापड उंदरांनी कुरतडलं. इंजिन विहिरीचं पाणी ओढू लागलं. मी भीमराजच्या दुकानात एका कोपऱ्यात आहे. माझ्यात वीज नाही, तरी कोणी जवळून गेलं की वाटतं, आता बोट लागेल. येणारे माझी बटणं पुसतात, खटखट वाजवून पाहतात आणि निघून जातात.

मित्रांनो, कधी एखादं यंत्र तुमच्या हाती आलं तर त्याला जरा उलटं करा. तारा असतात तिथे, पाठीमागे, एकदा बोट फिरवा. त्याच्यासमोर कोणीतरी विश्वासानं बसणार असतं.